पिनबॉलच्या लीगला पहिल्यांदा जाताना

मिरजेला आजोळी एक लाकडी बॅगाटेल होतं. तिरकी फळी, खिळ्यांची कुंपणं, प्रत्येक कुंपणात रंगाने लिहिलेला आकडा आणि उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडायचा आणि गोळी खिळ्यांवर टणटण आपटत खाली येईपर्यंत सगळ्यांनी डोळे लावून बसायचं. धाकटा मामा आमची नजर चुकवून फळीच्या एका कोपऱ्याखाली काड्यापेटी सरकवायचा, त्यामुळे शंभरचं घर कायम त्यालाच लागायचं.

पुढे कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज एक्सपीवरचा तो अंतराळवाला पिनबॉल आला. आमच्या अख्ख्या बॅचने त्याच्यापायी सबमिशनं रखडवली. मग नोकरीनिमित्त शिकागोजवळ राहायला आलो आणि एका बोलिंगच्या हॉलमध्ये, भाड्याचे बूट देतात त्या काउंटरशेजारी, पहिलं खरं मशीन बघितलं. १९९२ सालचं 'द अ‍ॅडम्स फॅमिली'. या मशीनची २०,२७० नगांची विक्री झाली होती, हे नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की कोपऱ्यातल्या पेटीचं झाकण उघडलं, आतून एक हात बाहेर आला, चुंबकाने बॉल अलगद उचलला आणि हात बॉलसकट पेटीत परत गेला. मी तिशीतला घोडा, तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

त्यानंतर सात वर्षं मी एकटाच खेळलो. नाणी टाकायची, हरायचं, घरी यायचं. त्या सात वर्षांत जे कळलं नाही ते लीगच्या, म्हणजे ठरलेल्या वारी जमून खेळणाऱ्या मंडळींच्या, पहिल्या चार सोमवारी कळलं. लीगला जायची भीती मात्र वाटत होती: तिथे सगळे पट्टीचे खेळाडू असतील, आपलं हसं होईल, नियम कोण सांगणार. तुम्ही अमेरिकेत असाल, या खेळाचं वेड असेल आणि त्याच भीतीने दारातून परत फिरत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

१. 'नशिबाचा खेळ' हे आधी डोक्यातून काढा

आपल्याला बॅगाटेलची सवय असते, म्हणून हे सांगावं लागतं. १८७१ साली सिनसिनाटीतल्या माँटेग्यू रेडग्रेव्हने स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट घेतलं, तो खेळ म्हणजे जवळपास मामाची फळीच. १९३१ मध्ये शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं 'बॅफल बॉल' तुफान चाललं, त्यालाही फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की उडून बॉल परत वर मारणाऱ्या खालच्या दांड्या, नव्हते. बॉल एकदा सोडला की पुढचं सगळं देवाच्या हातात. त्यामुळे तो जुगारच ठरला. १९४२ मध्ये न्यूयॉर्कने बंदी घातली आणि महापौर ला ग्वार्डियांनी स्वतः घण हातात घेऊन मशीनं फोडतानाचे फोटो काढून घेतले.

फ्लिपर आले ते १९४७ मध्ये, गॉटलीबच्याच 'हम्प्टी डम्प्टी'वर, एकदम सहा. तिथून खेळ हाताच्या कौशल्याचा झाला, पण बंदी काही उठेना. शेवटी १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणाने न्यूयॉर्कच्या नगर परिषदेसमोर मशीन खेळून दाखवलं. पहिल्या मशीनमध्ये काहीतरी काळंबेरं असेल म्हणून एका सदस्याने त्याला शेजारच्या मशीनवर खेळायला लावलं. त्याने बॉल वरच्या कुठल्या गल्लीतून जाईल ते आधी सांगितलं, दांडा ओढला, आणि बॉल तिथूनच गेला. बंदी उठली. याच शार्पचे दोन मुलगे, जॉश आणि झॅक, आज आंतरराष्ट्रीय फ्लिपर पिनबॉल असोसिएशन म्हणजे आयएफपीए ही खेळाडूंची क्रमवारी ठेवणारी संस्था चालवतात. लीगमध्ये हे नाव तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल.

२. बरं मशीन शोधा

'पिनबॉल मॅप' नावाचं फुकट अ‍ॅप आहे. आपल्या गावाचं नाव टाकलं की कुठल्या बारमध्ये, पिझ्झाच्या दुकानात, लाँड्रीत कुठलं मशीन आहे ते दिसतं. माहिती खेळणारेच भरतात. म्हणून ती शेवटची कधी बदलली ती तारीख आणि खालचे शेरे वाचल्याशिवाय घरातून निघू नका. 'डावा फ्लिपर ढिला' असा शेरा दोन महिने तसाच असेल तर त्या जागेचा मालक मशीनकडे बघत नाही, हे ओळखा. मी एकदा चाळीस मैल गाडी हाकून गेलो आणि समोर बंद मशीनवर चिकटवलेली चिठ्ठी.

एकुलतं एक मशीन असलेल्या जागेपेक्षा सहा-आठ मशीनं असलेली जागा निवडा. लीग अशाच ठिकाणी होतात. बहुतेक ठिकाणी एका खेळाला एक डॉलरच्या आसपास पडतो, जुन्या मशीनला कमी. नवशिक्याचा डॉलर दीड मिनिटात संपतो, त्यामुळे सुरुवातीला एकदाच प्रवेशमूल्य घेऊन हवं तेवढं खेळू देणारी जागा मिळाली तर सोनं. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात असाल तर अलामेडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम तसंच आहे. तिथे जुन्या काळच्या मशीनांवरही हात फिरवता येतो. लास व्हेगासच्या पिनबॉल हॉल ऑफ फेमला तिकीट नाही, नाणी मात्र लागतात. शिकागोकरांनी लोगन आर्केडला एकदा जाऊन यावं. आणि ऑक्टोबरच्या सुमाराला शिकागोच्या उपनगरात पिनबॉल एक्स्पो भरतो, १९८५ पासून.

३. एक मशीन धरा, महिनाभर सोडू नका

नवीन माणूस दहा मशीनांवर दहा डॉलर उधळतो आणि काहीच शिकत नाही. मीही तेच केलं.

कुठलं धरावं? माझं मत विचाराल तर १९९५ चं 'अटॅक फ्रॉम मार्स' किंवा १९९७ चं 'मिडीव्हल मॅडनेस'. पहिल्यात समोर मधोमध उडती तबकडी, दुसऱ्यात समोर मधोमध किल्ला. कशावर मारायचं हे कुणी सांगावं लागत नाही. २०२१ चं 'गॉडझिला' फार सुंदर आहे, ते आखलंय कीथ एल्विनने, जो स्वतः जगज्जेता खेळाडू आहे. पण त्याचे नियम पचायला वेळ लागतो. ते नंतर.

फ्लिपरच्या खाली, काचेच्या आत डाव्या बाजूला एक कार्ड असतं. त्यावर नियम थोडक्यात लिहिलेले असतात. ते वाचा. वर्षानुवर्षं खेळणारेही वाचत नाहीत, म्हणून सांगतोय.

आता हातांबद्दल. बॉल जवळ आला की नवशिका दोन्ही बटणं एकदम बडवतो. दोन्ही फ्लिपर वर गेले की मधली फट मोठी होते आणि बॉल तिथूनच घरंगळतो. एका वेळी एकच बटण. बॉल फ्लिपरवर आला की बटण दाबून धरा, म्हणजे बॉल वर उचललेल्या फ्लिपरच्या बेचक्यात येऊन थांबेल. थांबला की श्वास घ्या, बघा, ठरवा, मग मारा.

याच्या पुढची पायरी मला लीगमधल्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबांनी शिकवली. बॉल डावीकडून वेगात उजव्या फ्लिपरकडे येत होता, माझं बोट शिवशिवत होतं. ते शेजारून पुटपुटले, "काही करू नकोस." मी जिवावर उदार होऊन काहीच केलं नाही. बॉल पडलेल्या उजव्या फ्लिपरवर टप्पा खाऊन उडाला आणि संथपणे डाव्या फ्लिपरवर जाऊन बसला, मांजर मांडीवर येऊन बसावं तसा. याला डेड बाउन्स म्हणतात. सात वर्षं मी तो बॉल बडवत होतो.

आणि धक्का. मशीनला हलवणं ही लबाडी नाही, खेळाचाच भाग आहे. सत्तावीस मिलिमीटरचा, ऐंशी ग्रॅमचा पोलादी बॉल साधारण साडेसहा अंशांच्या उतारावरून येत असतो. दोन्ही तळहात पुढच्या कोपऱ्यांवर ठेवून वेळेवर हलकासा रेटा दिला की कडेच्या गल्लीत, म्हणजे आउटलेनमध्ये, चाललेला बॉल परत फिरतो. जास्त रेटलं तर टिल्ट. मशीनच्या पोटात गवंड्याच्या ओळंब्यासारखं एक वजन लोंबत असतं आणि त्याच्याभोवती धातूचं कडं. ओळंबा कड्याला टेकला की बहुतेक नव्या मशीनवर आधी ताकीद मिळते, ताकिदी संपल्या की दिवे विझतात, फ्लिपर मेल्यासारखे पडतात आणि तो बॉल गेला. मामाच्या काड्यापेटीवरचा इलाज म्हणा. ओळंबा डोलायचा थांबेपर्यंत दुसरा धक्का द्यायचा नाही. एका ताकिदीपाठोपाठ लगेच टिल्ट होतो तो यामुळेच.

४. लीग शोधा आणि आधी दोन ओळी लिहा

आयएफपीएच्या वेळापत्रकात राज्य निवडलं की आसपासच्या स्पर्धा आणि लीग दिसतात. त्याहून सोपं म्हणजे ज्या बारमध्ये खेळताय तिथल्या माणसाला विचारणं. त्याला लीगचा वार नक्की ठाऊक असतो, कारण त्या दिवशी त्याचा गल्ला भरतो.

लीग आणि स्पर्धा यांत गफलत करू नका. लीग म्हणजे ठरलेल्या वारी, सात-आठ आठवडे. स्पर्धा एका दिवसात आटोपते. नवख्या माणसाला लीगच बरी, कारण तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. स्पर्धेला जायचंच असेल तर 'थ्री स्ट्राइक्स' प्रकाराची वेळ आधी विचारून घ्या: तीनदा हरलात की बाहेर, आणि आपल्यासारखा माणूस पाऊण तासात बाहेर असतो. बायकांसाठी 'बेल्स अँड चाइम्स' नावाच्या लीग आहेत, पहिली २०१३ मध्ये ओकलंडला सुरू झाली. बारमध्ये एकटीने जायला अवघडल्यासारखं वाटत असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करा.

आयोजकाला आधी निरोप टाका: मी नवा आहे, लीग कधी खेळलेलो नाही, आलो तर चालेल का, फी किती. हंगाम मध्यावर असला तरी पुष्कळ ठिकाणी घेतात.

५. सोबत काय न्यायचं

- वयाचा पुरावा. पुष्कळशा जागा बार आहेत, २१ वर्षांखालच्यांना संध्याकाळी आत घेत नाहीत. केस पिकलेले असले तरी दारावरचा माणूस विचारतो. भारतातलं लायसन्स दाखवून मी एकदा थंडीत बाहेर उभा राहिलोय. राज्याचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या.
- पाव डॉलरची नाणी, दहा-पंधरा डॉलरची. लीगच्या दिवशी सुट्ट्यांच्या यंत्रापुढे रांग लागते.
- लीगची फी रोख.
- चार्ज केलेला फोन. गट आणि गुण हल्ली 'मॅचप्ले' नावाच्या साइटवर दिसतात.
- कानात घालायचे बोळे. हसू नका. पंधरा मशीनं, वर बारचं संगीत, तीन तास.
- पायात सपाट तळाचे बूट.

एवढंच. हातमोजे घातलेले लोक दिसतील, त्यांच्या नादी लागू नका.

६. पहिली रात्र

नाव सांगताना आडनावासकट, पुढेही तेच ठेवाल असं सांगा. एकदा माझं आडनाव एका अक्षराने चुकलं आणि आयएफपीएच्या यादीत माझी दोन माणसं झाली. ते निस्तरायला महिना गेला.

साधारणपणे चौघांचा गट पडतो आणि ठरलेल्या मशीनांवर एकेक खेळ होतो. चौघे एकाच मशीनवर आळीपाळीने बॉल खेळतात: पहिल्याचा पहिला बॉल, दुसऱ्याचा पहिला, असं करत तीन फेऱ्या. पहिला येणाऱ्याला जास्त गुण, शेवटच्याला कमी. काही ठिकाणी ७-५-३-१, काही ठिकाणी दुसरी पद्धत. चौघे खेळायचे म्हणून स्टार्टचं बटण चारदा दाबायचं, मधे थांबून पडद्यावर आकडा बघत. चारचा आकडा दिसला की त्या बटणापासून हात लांब. खेळ पुढे गेल्यावर ते दाबून धरलं तर काही मशीनं सगळ्यांचा खेळ पुसून नव्याने सुरू करतात.

सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे. आपली पाळी नसताना खेळणं. माझ्या दुसऱ्याच सोमवारी मी गप्पा मारत आलो, मशीन मोकळं दिसलं, दांडा ओढला. बॉल तिसऱ्या खेळाडूचा होता, मी चौथा. नियमाप्रमाणे त्या खेळात मला शून्य आणि त्या बिचाऱ्यालाही सगळं थांबवून आयोजकाला बोलवावं लागलं. कुणी रागावलं नाही, म्हणून जास्तच लाज वाटली. तेव्हापासून दांड्याला हात लावण्याआधी मी पडद्यावरचा खेळाडूचा क्रमांक बघतो आणि मागे वळून मोठ्याने विचारतो, "माझीच ना?" तुम्हीही विचारा.

बॉल कुठे अडकला तर स्वतः हाणामारी करायची नाही, आयोजकाला हाक मारायची. मशीन बिघडल्यासारखं वाटलं तर बॉल फ्लिपरवर दाबून धरा आणि हाक मारा. बॉल गेल्यावर केलेली तक्रार सहसा चालत नाही. जोराने लाथ किंवा गुद्दा घातला तर स्लॅम टिल्ट होतो आणि अख्खा खेळच मरतो, बाकी तिघांचासुद्धा. तेव्हा गटातली थंड शांतता अनुभवण्यासारखी नसते. कुणी मशीनला विशिष्ट झटका देऊन गेलेला बॉल परत वर आणून दाखवेल. याला डेथ सेव्ह म्हणतात आणि स्पर्धेत ती चालत नाही. पाहा, टाळ्या वाजवा, शिकू नका.

काचेवर ग्लास ठेवायचा नाही. खेळणाऱ्याच्या कोपरापासून हातभर मागे उभं राहायचं. बॉल चालू असताना सल्ला द्यायचा नाही, विचारला तरच. आजोबा मला पुटपुटले ते सरावाच्या वेळी. खेळ संपला की चौघांच्या आकड्यांचा फोटो काढायचा आणि मगच पुढचा खेळ सुरू करायचा.

७. हरण्याची सोय

पहिल्या हंगामात तुम्ही शेवटचे याल. मी शेवटून दुसरा आलो, कारण एक जण बदली होऊन डेन्व्हरला गेला. आयएफपीएच्या यादीत तुमचं नाव हजारोंच्या खाली कुठेतरी लागेल. त्यांचे गुण डब्ल्यूपीपीआर, उच्चारी 'व्हॉपर'. ते महिनाभर रोज उघडून बघाल, मग विसराल.

८. माणसं

लीग संपली की लगेच गाडीकडे धावू नका. खरी शाळा नंतरच्या अर्ध्या तासात भरते. जिंकलेल्याला 'कसा जिंकलास' विचारू नका, तो खांदे उडवेल. 'या मशीनवर पहिला शॉट कुठला मारतोस' असं विचारा, तो तुमच्याशी अकरा वाजेपर्यंत बोलेल. कुणी काच काढून आतली घाण पुसत असेल तर फडकं धरायला पुढे व्हा. फ्लिपरचं रबर बदलताना एकदा हात लावला की मशीन आतून कसं चालतं ते कळायला लागतं आणि तुमचं नावही लक्षात राहतं.

आमच्या लीगमध्ये ट्रक चालवणारा एक, शाळेत शिकवणारी एक, आजोबा, आणि कामावर दिवसभर कुणाशीच बोलत नाही असं सांगणारा माझ्यासारखाच एक प्रोग्रॅमर. मराठी मीच. ऑगस्टमध्ये मंडळाच्या गणपतीच्या नाटकाची तालीम नेमकी सोमवारीच येते, तेव्हा घरी आणि लीगमध्ये दोन्हीकडे बोलणी खातो.

९. मशीन घरी आणायची घाई

हे शेवटी ठेवलंय, कारण बरेच जण इथूनच सुरुवात करतात. एक हंगाम खेळल्याशिवाय मशीन घेऊ नका. घरातल्या मशीनवर तुम्ही रोज एकटेच खेळाल आणि नवं मशीन समोर आलं की पुन्हा बावचळाल. शिवाय नव्याची किंमत गाडीच्या आसपास जाते आणि जुन्याला दर महिन्याला काहीतरी होतं.

तरी घेणारच असाल तर लीगमधल्या दोघांना सोबत न्या, त्यांना फ्लिपरच्या आवाजावरून दुखणं कळतं. वजन शंभर-सव्वाशे किलो, तेव्हा तळघराच्या जिन्याची वळणं आधी मोजा. मागची उभी पेटी आडवी करून बांधायची, मग पाय काढायचे. आणि त्याच्याही आधी आतले बॉल काढून खिशात ठेवायचे. माझं 'मिडीव्हल मॅडनेस' आणताना मी ते विसरलो होतो. हमरस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मागून ठण असा आवाज येत होता आणि घरी पोचल्यावर पाहिलं तर किल्ल्याच्या दारासमोरचा रंग रुपयाएवढा उडालेला. आजोबांनी तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली, ती अजून आहे.